जागेवाला : बँकॉकचा आणि आपला

मंडळी, आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. आपल्याकडचं कुणी नोकरीसाठी बँकॉकला गेलं, की त्याला लगेच दिसतं : घर असो, दुकान असो, आवारात खांबावर एक छोटंसं देऊळ. समोर झेंडूची माळ, भात, उदबत्ती आणि लाल सरबताची बाटली. तीही उघडून, स्ट्रॉ घालून! आपल्याला हसू येतं. पण हा प्रकार काय आहे?

त्याला 'सान फ्रा फूम' म्हणतात. फ्रा फूम म्हणजे त्या जमिनीचा राखणदार. 'फूम' हा आपला 'भूमी'च. आपण घर बांधलं म्हणजे त्याची जागा घेतली, म्हणून त्याला वेगळं घर द्यायचं, खायला-प्यायला ठेवायचं, अशी समजूत. तिथल्या एरावण हॉटेलच्या बांधकामात विघ्नं येत गेली, तेव्हा १९५६ साली आवारात चक्क ब्रह्मदेव बसवला. आपल्याकडे त्याची देवळं किती कमी!

आता घरी या. कोकणात जागेवाल्याला नारळ देतात, गोव्यात राखणदाराला रोट, विडी, दारूसुद्धा. मग सरबताचंच नवल का?

आणि कामोठ्यात? आपण बहुतेक इथे बाहेरूनच आलेलो. सिडकोने गावांची शेतं घेतली, त्यावर आपल्या सोसायट्या उभ्या राहिल्या. गावदेवी मात्र गावाचीच राहिली. तिच्यापुढचा नारळ बघून 'हे कशाला?' असं म्हणण्याआधी आपण विचारू या, 'ही जागा आधी कुणाची होती?' सांगणारी माणसं गावठाणात अजून आहेत.