वरच्या मजल्याचा उन्हाळा

पुण्यात फ्लॅट बघायला गेलेला माणूस काही प्रश्न हमखास विचारतो. पाणी किती वेळ येतं, पार्किंग कव्हर्ड आहे का, मेंटेनन्स किती, आणि फ्लॅट शेवटच्या मजल्यावर असेल तर गच्ची गळते का. गच्ची तापते का, हे कोणी विचारत नाही. मग पहिला एप्रिल येतो. रात्री दहाला बाहेर छान वारा सुटलेला असतो, लोक टेकडीवरून फिरून येतात, आणि घरात शिरल्यावर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. पंखा पाचवर असतो आणि अंगावर गरम हवेचे झोत येत राहतात.

‘पुण्याची हवा’ हा आपल्या अभिमानाचा जुना विषय. समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंची, मुळा-मुठेचं खोरं, भोवती टेकड्या. त्यामुळे इथे उन्हाळा सुसह्य, असा समज. तो अर्धा खरा आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेत 30 एप्रिल 1897 रोजी 43.3 अंशांची नोंद आहे, आणि 2019 च्या एप्रिलअखेरीला पारा पुन्हा 43 ला टेकला होता. सुसह्य असते ती रात्र. एप्रिलात दुपारी 38 च्या आसपास असणारा पारा पहाटे 21 च्या आसपास उतरतो. मुंबईकराला ही चैन नाही. दिवस-रात्रीतला हा सोळा-सतरा अंशांचा फरक हीच पुण्याची खरी नैसर्गिक संपत्ती, आणि आपण बांधलेली घरं ती नेमकी वाया घालवतात.

कारण डोक्यावर आहे. मेच्या मध्यावर, 13 तारखेच्या सुमाराला, पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. ऐन दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असतो. खगोलप्रेमी त्या दिवशी उभ्या काठीची सावली गायब होताना पाहतात. घरमालकाने त्याच वेळी गच्चीवर जाऊन अनवाणी उभं राहून बघावं. माथ्यावरच्या सूर्याचं सगळं ऊन छत घेतं. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा जवळजवळ काहीच मिळत नाही, दीड-दोन फुटांचा छज्जा तिला पुरतो. पूर्वेची भिंत सकाळी आणि पश्चिमेची दुपारनंतर तापते. तेव्हा उन्हाळ्यापुरता क्रम पक्का: आधी छत, मग पश्चिम, बाकी सगळं नंतर. वास्तुवाल्यांचे क्रम वेगळे असतात, ते असोत.

पाच-सहा इंचांच्या काँक्रीट स्लॅबमधून उष्णता लगेच खाली उतरत नाही, चार-पाच तास घेते. म्हणून दुपारी एकचं ऊन संध्याकाळी सहाला छतातून खाली येतं, आणि तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीवर उष्णता फेकत राहते. ही उष्णता हवेतून येत नाही, शेगडीची धग यावी तशी थेट अंगावर येते. त्यामुळे खोलीतला तापमापक 31 दाखवत असला तरी जीव नकोसा होतो. पंखा छताशी साठलेली गरम हवा तेवढी खाली ढकलतो.

पेठांतल्या वाड्यांना हा त्रास नव्हता, याचं श्रेय लोक जाड भिंतींना देतात. भिंती होत्याच जाड. दगडी जोत्यावर विटा आणि माती-चुना, हात-दीड हात रुंदीच्या. पण निम्मं काम माळ्याचं होतं. वर कौलं, त्याखाली मोकळी हवा खेळणारा माळा, माळ्याची जमीन म्हणजे लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर मातीचा थर. उन्हाचा मार कौलांवर. माणसं दोन पदर खाली. वर्षभराचं धान्य, लोणच्यांच्या बरण्या आणि गणपतीचं मखर मधल्या हवेत ठेवलेलं. अमेरिकेतल्या लाकडी घरांच्या पोटमाळ्यात आज फुटभर जाडीचं ग्लास वूल अंथरतात ते याच कामासाठी. आपल्याकडे माळा होता, तो आपण काढून टाकला.

काढला तो काही मूर्खपणाने नाही. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी मातीचे वाडे बसले, आणि पुणेकराचा मातीवरचा विश्वास उडाला. वाड्यांचे वाटे, भाडेकरूंचे खटले आणि जागेचे भाव यांनी उरलेलं काम केलं. काँक्रीटची इमारत आली, सपाट गच्ची आली. गच्चीचा एकच धर्म उरला, पाणी न गळणं.

त्या धर्माचा पुणे-मुंबईकडचा विधी म्हणजे कोबा. स्लॅब घासून धुतात, सिमेंटचं पाणी ओततात, मग विटांचे तुकडे मसाल्यात एकाला एक भिडवून उभे लावतात आणि पाइपच्या तोंडाकडे ढाळ देतात. कठडा जिथे गच्चीला मिळतो तिथे गोल वाटा मारतात. वरून सिमेंटचं घोटकाम, आणि ओलं असतानाच दोरी दाबून फूटभराचे चौकोन आखतात. त्या रेघा नुसत्या शोभेच्या नाहीत, सिमेंट आकसलं तर तडा रेघेत जावा म्हणून असतात. मग सगळ्या गच्चीचं तळं करून आठवडाभर पाणी साठवतात. चांगल्या मिस्त्रीचा कोबा वीस वर्षं गळत नाही. पण ‘साहेब, विटा आहेत, घर थंड राहील’ असं तो म्हणतो, त्यावर थोडा हिशेब करू.

एक चौरस मीटर छतातून, वर-खाली एका अंशाचा फरक असताना, किती वॉट उष्णता आत येते, याला यू-मूल्य म्हणतात. सहा इंची उघड्या स्लॅबचं हे मूल्य साधारण 3.3 येतं. चार इंच कोबा घातला की सुमारे 2.3 ते 2.4. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात छताची कमाल मर्यादा 1.2 आहे. म्हणजे कोबा अर्ध्या वाटेवरही पोचत नाही, आणि चार इंचांत त्याचं वजन मात्र चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. आता कोब्याच्या जोडीला एक्सपीएसची, म्हणजे थर्माकोलच्या घट्ट, पाणी न पिणाऱ्या भावंडाची, एकच इंचाची शीट घाला. आकडा 0.9 च्या खाली येतो. हजार चौरस फुटांच्या छतावर वीस अंशांचा फरक धरून ढोबळ गणित मांडलं तर आत येणारी उष्णता सव्वाचार किलोवॉटवरून दीड-पावणेदोनवर येते. दीड टनाचा एसी काढतोच मुळी सव्वापाच किलोवॉट! म्हणजे नुसत्या कोब्याखालच्या घरात एसीचा बराचसा जोर छताशी झगडण्यात जातो.

शीट वरून घालावी की खालून? बाजारात खालूनच्या कामाची चलती आहे, कारण ते सोपं. फॉल्स सीलिंगच्या वर थर्माकोल किंवा ग्लास वूल कोंबलं, पीओपी मारलं, दिवे बसवले, दोन दिवसांत काम फत्ते. खोली थंड राहतेही. पण स्लॅब वर तशीच तापत राहते, फुगते, रात्री आकसते, आणि वॉटरप्रूफिंगला तडे जातात. शिवाय थर्माकोल पेटलं की धूर विषारी, आणि त्याच पोकळीतून दिव्यांच्या वायरी गेलेल्या. शीट स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगच्याही वर घातली, तिच्यावर काँक्रीटचा पातळ थर आणि फरशी आली, तर ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. माझं मत वरच्या बाजूने. ज्यांना सोसायटी गच्चीला हात लावू देत नाही, त्यांनी सीलिंगमध्ये निदान रॉकवूल घालावं, ते जळत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय अर्थात पांढरा रंग. चुन्यात फेविकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळून मार्चमध्ये दोन हात मारले की गच्चीचा चटका लगेच कमी होतो. पावसाळ्यात तो बहुतेक धुऊन जातो. उष्णता परतवणारे तयार रंग जास्त टिकतात, पण धूळ बसली की त्यांचाही जोर उतरतो, झाडू-पाणी लागतं. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक याच कारणासाठी चांगलं. पांढऱ्या रंगाची खरी गरज आहे ती पत्र्याच्या घरांना. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत घ्या किंवा ताडीवाला रस्ता. पत्रा उष्णता साठवत नाही आणि थांबवतही नाही, दुपारी बारालाच घराचा तवा होतो. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांची छतं रंगवली, तेलंगणाने 2023 मध्ये शीत छतांचं धोरणच आणलं. पुण्यात एवढ्या पत्र्यांवर असा रंग दिसत नाही.

भिंतींची गोष्ट उलट्या दिशेने गेली. नऊ इंची विटेची भिंत यू-मूल्यात साधारण 2. ज्याला पुण्याचा गवंडी अजून ‘सिपोरेक्स’ म्हणतो त्या हलक्या ब्लॉकची आठ इंची भिंत 0.7 च्या आसपास. स्वीडनमध्ये शोधलेला हा ब्लॉक बी. जी. शिर्के यांच्या उद्योगाने पुण्यात आणला. म्हणजे चांगली भिंत या शहराला कितीतरी वर्षं ठाऊक आहे. आणि आज बाणेर-हिंजवडीचे मनोरे उभे राहतात ते ‘मायवन’ने, ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीसकट सगळं काँक्रीट ओतून. काम झपाट्याने होतं, कोपरे काटकोनात येतात, आणि सहा इंची काँक्रीटच्या भिंतीचं यू-मूल्य 3.5 च्या वर जातं. सगळ्यात नवं, महाग घर सगळ्यात जास्त तापतं! त्यात आपण बाल्कनी आत घेतो. हॉल पाच फुटांनी वाढतो, पश्चिमेची सावली जाते आणि काच थेट उन्हात उभी राहते. बुरूड आळीतून बांबूचे चिक आणून काचेच्या बाहेरून सोडले तर बरंच ऊन बाहेर अडतं. आतला जाडजूड पडदा उशिरा येतो. काच ओलांडून ऊन घरात आलेलंच असतं.

आता फटींचं. कॅलिफोर्नियातल्या तापट खोऱ्यात राहणारा भाचा सांगतो, तिथे माणूस येतो, दारात मोठा पंखा बसवतो, घरातली हवा 50 पास्कल दाबफरकाने खेचतो आणि कुठून किती हवा शिरते ते मोजून भेगा बुजवून जातो. तिथे ते योग्यच. घर चोवीस तास बंद आणि यंत्रावर. पुण्यात घर कायमचं बंद करणं म्हणजे पहाटेचे फुकटचे 21 अंश नाकारणं, आणि जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी आणणं. इथे हवं ते दिवसा घट्ट मिटणारं आणि रात्री सताड उघडणारं घर. आजी सकाळी नऊला खिडक्या लावून घ्यायची आणि दिवेलागणीला उघडायची. आपण उलट करतो: दिवसभर ‘वारा येऊ दे’ म्हणून 38 अंशांचा वारा घेतो, आणि रात्री डासांच्या भीतीने सगळं बंद. जाळी बसवा हो, आणि उघडा.

दिवसा घट्ट मिटण्यात मात्र आपल्या सरकत्या खिडक्या नापास. ट्रॅकमधल्या लोकरी पट्ट्या झडलेल्या, दोन तावदानांच्या मधून बोट जाईल एवढी फट, एसीच्या पाइपचं भोक वर्तमानपत्राने बुजवलेलं. बोहरी आळीत नवी पट्टी मीटरवर मिळते, दाराखालचा रबरी ब्रश मिळतो, भोकासाठी फोमचा डबा मिळतो. एका दुपारचं काम आहे, बांधकामाची धूळही तेवढीच कमी येते. फक्त एक गोष्ट कधीच बुजवायची नाही: गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराची झडप. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसं गेली आहेत.

रात्रीचा भरवसाही शहराच्या सगळ्या भागांत सारखा उरलेला नाही. पाषाण, एनडीएच्या बाजूला किमान तापमान उतरतं. मगरपट्टा, वडगावशेरीकडे त्याच रात्री काही अंश जास्त असतं. काँक्रीट दाटलं तिथे रात्र उशिरा निवते. तिथल्यांनी छताचं काम आधी करावं, कारण खिडकी उघडून मिळणारं सुख त्यांच्या वाट्याला कमी आहे.

अडतं ते बहुतेक वेळा सर्वसाधारण सभेत. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची. उकाड्याबद्दल तिथे अक्षर नाही. त्यामुळे ‘तुमच्या बेडरूमच्या गारव्याला आम्ही पैसे का द्यायचे?’ हा पहिल्या मजल्याचा प्रश्न बिनतोड वाटतो. त्याला उत्तर गळतीच्याच भाषेत द्यावं: स्लॅब कमी तापली तर वॉटरप्रूफिंग जास्त टिकतं, आणि ते बदलण्याचा खर्च सगळ्यांचा आहे. गच्चीवर सोलर पॅनल लावणार असाल तर त्यांची सावली हाही फायदाच. पण खांब रोवण्याआधी शीट आणि वॉटरप्रूफिंग उरकून घ्या, नंतर प्रत्येक खांबाशी भोक आणि प्रत्येक भोकाशी गळती.

दिवाळीनंतर गच्ची वाळते आणि ठेकेदारांची कोटेशनं येऊ लागतात. त्यात ‘हीट प्रूफिंग’ एवढाच शब्द असेल तर परत पाठवा. शीट कशाची, जाडी किती, घनता किती (एक्सपीएस घनमीटरला 32 ते 35 किलोची मागावी), ती वॉटरप्रूफिंगच्या वर की खाली, जुना कोबा उखडणार की त्याच्यावरच दुसरा चढवणार, हे लिहून घ्या. दुसरा चढवणार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला वजन विचारा. काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी उभं करा, खालच्या खोल्यांचं सीलिंग फिरून बघा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.