पाणी काढायचे कसे?

लाकडाचा लगदा यंत्रात प्रचंड दाबाखाली पुन्हा पुन्हा घुसळला की त्यातले तंतू सुटत जातात आणि त्यांची जाडी मीटरच्या काही अब्जांशांवर येते. हे नॅनोसेल्युलोज. शंभर ग्रॅममध्ये जेमतेम दोन ग्रॅम तंतू, बाकी सगळे पाणी. तरी भांडे उलटे केले तर ते घट्ट दह्यासारखे जागच्या जागी राहते.

कसोटी लागते ती पाणी काढताना.

नुसते वाऱ्यावर सुकवले, तर हातात दाट, कडक पापुद्रा येतो. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७२ मिलीन्यूटन. तंतूंमधली फट दहा नॅनोमीटर त्रिज्येची असेल, तर उडून जाणारे पाणी तिच्या भिंतींना वातावरणाच्या सुमारे १४० पट दाबाने आत ओढते. भिंती एकमेकींना भिडतात, तंतूंमध्ये हायड्रोजन बंध जुळतात आणि मग पुन्हा पाण्यात भिजवूनही ते पूर्वीसारखे सुटे होत नाहीत.

यावर उपाय म्हणजे आधी द्रावक बदलायचा. जेल इथेनॉलमध्ये ठेवायचे, इथेनॉल दोन-चारदा नवे घ्यायचे आणि पाणी हळूहळू हद्दपार करायचे. इथेनॉलचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच असल्याने ओढही कमी बसते. स्टॉकहोमच्या केटीएच या संस्थेतील संशोधकांनी २००८ साली हे कागदासारख्या पातळ थरांवर दाखवले. द्रव बदलला तशी थरांतली पोकळी बदलली. अ‍ॅसिटोनमधून सुकवलेला थर पाण्यातून सुकवलेल्यापेक्षा जास्त सच्छिद्र निघाला, पण ताकदीत मागे पडला.

ओढ पूर्णपणे टाळायची असेल, तर द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसावी लागते. अमेरिकेतील सॅम्युअल किस्टलर यांनी १९३१ मध्ये याच युक्तीने पहिली एरोजेल बनवली, सिलिकाबरोबर सेल्युलोजचीही. आता त्यासाठी बहुधा कार्बन डायऑक्साइड वापरतात. ३१ अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबापलीकडे तो ना धड द्रव, ना धड वायू. तो निघून गेला तरी तंतूंचे जाळे ढासळत नाही.

तिसरी वाट गोठवण्याची. पाण्याचे बर्फ होताना स्फटिक वाढतात आणि तंतूंना बाजूला रेटतात. निर्वातात बर्फ उडून गेल्यावर मागे मोठी भोके आणि पत्र्यांसारख्या भिंती राहतात. पाण्याऐवजी टर्ट-ब्युटॅनॉल घेतले, तर जाळे बारीक राहते. हे अल्कोहोल २५ अंशांच्या आसपासच गोठते.

म्हणजे तंतू तेच, पण पदार्थ तीन. उष्णता अडवायला बारीक छिद्रांचे जाळे हवे, मजबूत वेष्टनाला दाट थर. मात्र प्रत्येक वेळी द्रावक बदलायचा, परत मिळवायचा आणि दाबपात्रे चालवायची, म्हणजे खर्च आला. थर्माकोलच्या किमतीशी झुंजताना वनस्पतिजन्य फोमची अडचण होते ती इथेच.

मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज काढणारा प्रायोगिक कारखाना उभा आहे. कच्च्या मालाची आपल्याकडे ददात नाही. स्वस्तात सुकवण्याची पद्धत बसवणे, हे काम बाकी आहे.