विश्लेषण : पावसाची नोंद ‘शून्य’ की ‘रिकामी’? जावास्क्रिप्टमधील एका चिन्हाने काय बदलते?

पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळहून एक रस्ता भोरकडे, दुसरा सासवडकडे जातो. पश्चिमेला वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस असताना पूर्वेला पुरंदरकडे कोरडे असू शकते. त्यामुळे इथे गावागणिक नोंद महत्त्वाची. समजा, ती मोबाइलवरून भरण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये फॉर्म तयार केला. त्यात ० भरणे म्हणजे पाऊस झाला नाही. रकाना रिकामा सोडणे म्हणजे नोंदच झाली नाही. प्रोग्रामला हा फरक कळला नाही, तर आकडेवारी चुकते.

डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणजे काय?

माहिती नसेल तेव्हा प्रोग्रामने काय धरावे, ते आधीच ठरवून दिलेले असते. त्याची एक रीत अशी : ‘पाऊस ? पाऊस : सरासरी’. प्रश्नचिन्हाआधीची अट खरी ठरली तर पहिली किंमत, नाही तर दुसरी. याचेच छोटे रूप ‘पाऊस || सरासरी’.

गडबड कुठे होते?

अट तपासताना जावास्क्रिप्ट नल, अनडिफाइन्ड आणि रिकाम्या मजकुराप्रमाणेच ० या अंकालाही ‘खोटे’ मानते. त्यामुळे कोरड्या दिवसाचे ० जाऊन तिथे सरासरी, समजा ६ मिलिमीटर, बसते. हवामान विभागाच्या निकषानुसार २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. म्हणजे कागदावर पावसाचा खंड तुटला! २०२३ च्या खरिपात सलग २१ दिवसांच्या खंडावरून पीकविम्याच्या २५ टक्के अग्रिमाचा विषय राज्यभर गाजला. अशा मोजणीत एक दिवसही महागात पडतो.

उपाय काय?

ईसीएमएस्क्रिप्ट २०२० या आवृत्तीत ‘??’ हे चिन्ह आले. ‘पाऊस ?? सरासरी’ लिहिले, तर किंमत नल किंवा अनडिफाइन्ड असेल तेव्हाच सरासरी घेतली जाते. ० तसेच राहते.

मग प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. फॉर्ममधील रिकामा रकाना नल नसतो, तो रिकामा मजकूर असतो. ‘??’ त्याला हात लावत नाही. शिवाय या रिकाम्या मजकुराचे अंकात रूपांतर केले, की जावास्क्रिप्ट त्याचे ० करते. नोंद न झालेला दिवस मग कोरडा ठरतो आणि नसलेला खंड तयार होतो. म्हणून रूपांतराआधीच रकाना रिकामा आहे का ते तपासावे आणि असल्यास नल ठेवावे.

डिफॉल्ट कुठे वापरावे?

पडद्यावरची भाषा, अक्षरांचा आकार किंवा आजची तारीख यांसाठी ते सोयीचे. मोजलेल्या आकड्याच्या जागी मात्र अंदाज भरण्यापेक्षा ‘नोंद नाही’ असेच दाखवावे. फॉर्म तयार झाल्यावर तीन चाचण्या पुरेत : एकदा ० भरा, एकदा रकाना रिकामा ठेवा, एकदा खरा आकडा भरा. तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले पाहिजे.