दुर्बिणीचा चौथरा

दुर्बिणीचा चौथरा म्हणजे आकाशनिरीक्षणाच्या दुर्बिणीसाठी उघड्यावर बांधलेला पक्का व स्थिर पाया होय. हौशी खगोलनिरीक्षक त्यावर तिवई ठेवतात किंवा त्यात कायमचा स्तंभ उभारतात.

आवश्यकता

दुर्बीण प्रतिमेबरोबर स्वतःच्या थरथरीचेही वर्धन करते. २०० पट वर्धनाला एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, हालचाल तीन अंशांहून अधिक भासते; हे अंतर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्रबिंबाच्या सहापटींहून जास्त आहे. तिवईचा एक पाय वाळूत किंचित रुतला, तरी दीर्घ छायाचित्रणात तारे रेषांसारखे उमटतात.

रचना

दुर्बिणीचा पाया व निरीक्षकाच्या पायाखालची फरशी एकमेकींना जोडलेली नसावी, हे बांधणीचे मुख्य तत्त्व आहे. यामुळे पावलांचे धक्के यंत्रापर्यंत कमी पोहोचतात. स्तंभाचा पाया घट्ट थरापर्यंत नेतात. वाळूच्या जमिनीत तो अधिक रुंद करतात. दिवसा तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडते व प्रतिमा अस्थिर होते. म्हणून चौथरा आटोपशीर ठेवून भोवती हिरवळ राखणे हितकारक ठरते.

रायगड किनाऱ्यावरील बांधणी

अलिबागचा अक्षांश सुमारे १८.६° उत्तर असल्याने ध्रुवतारा तेथे क्षितिजापासून साधारण तेवढ्याच उंचीवर दिसतो. नारळी-पोफळीच्या बागांमुळे तो सहज झाकला जातो. त्यामुळे उत्तरेकडे मोकळी जागा पाहावी लागते. होकायंत्रावर विसंबल्यास काँक्रीटमधील लोखंडी सळ्यांमुळे दिशा चुकू शकते. खाऱ्या हवेत या सळ्या गंजतात. किनारी वातावरणात उघड्या राहणाऱ्या सळईयुक्त काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक किमान एम ३० प्रत व सळ्यांवर ४५ मिमी आवरण सांगते. पावसाचे पाणी साचू नये म्हणून भोवतालच्या जमिनीला उतार देतात. भरतीरेषेजवळ कायम बांधकाम करताना सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा

वेधयंत्रे बाह्य व्यत्ययांपासून अलग ठेवण्याचे जुने उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्याने कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय कार्य अलिबागला हलवण्यात आले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली तेथे अचुंबकीय साहित्याच्या इमारती उभ्या राहिल्या. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे कुलाब्याची १८४१ पासूनची नोंदमालिका खंडित झाली नाही.