मँडोलिनची दुनिया – लेखांक ११ : जाड पिक, गोल कड

मँडोलिनचा पिक जाड आणि ताठ हवा. गिटारवर कॉर्ड छेडायला वापरतात तो अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा लवचीक पिक इथे उपयोगाचा नाही. नवशिक्याच्या हाती मात्र बहुधा तोच असतो, कारण वाद्य विकत घेताना दुकानातून सोबत मिळतो तो तोच. मागच्या लेखांकात तारांच्या जाडीचा हिशेब झाला, पातळ पिक न चालण्याचे कारण त्यातच आहे. मध्यम संचातली सर्वांत बारीक, ०.०११ इंचाची तार वरच्या ई स्वराला लावली की तिच्या एकटीवर सुमारे १० किलोचा ताण येतो. शिवाय पिकसमोर तार एकटी नसते, जोडीने असते. पातळ पिक या जोडीवर टेकला की आधी स्वतःच वाकतो. पहिल्या तारेवरून सुटेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो, त्यामुळे दुसरी तार अर्धवट वाजते, कधी वाजतच नाही. कानाला आधी प्लास्टिकची टिकटिक लागते आणि तिच्यामागून किरटा स्वर येतो.

ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्याच प्लास्टिकचा ०.७ मिलिमीटरचा पिक १.४ मिलिमीटरचा केला, तर तो दुप्पट नव्हे, आठपट ताठ होतो. म्हणून जाडीतला जरासा फरकही हाताला मोठा जाणवतो. ट्रेमोलोत, म्हणजे एकाच स्वरावरच्या सलग जलद आघातांत, तर तो लपतच नाही. मिनिटाला साठच्या लयीत एका मात्रेत आठ आघात घेतले तरी सेकंदाला आठ आघात होतात. प्रत्येक आघाताला पिक वाकत राहिला, की लय मनगटाच्या ताब्यात राहत नाही. ज्यांचा ट्रेमोलो महिनोन्‌महिने सलग होत नाही, त्यांनी मनगटाला दोष देण्याआधी पिक बदलून पाहावा. १.२ ते १.५ मिलिमीटर ही जाडी सुरुवातीला योग्य. डनलॉप कंपनीच्या टॉर्टेक्स पिकचे रंग दुकानात सगळ्यांना पाठ असतात : नारिंगी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८, निळा १.०, जांभळा १.१४. यातला जांभळा मँडोलिनला जेमतेम पुरतो, बाकीचे गिटारवाल्यांकडे राहू द्यावेत.

जाड पिक तारांत अडकतो, अशी तक्रार नेहमी येते. तो अडकतो पकडीमुळे. अंगठा आणि वाकवलेल्या तर्जनीची कड यांच्यामध्ये पिक सैल धरायचा. वाद्याला हात लागला तर पिक किंचित फिरावा, इतपत सैल. टोक तारांखाली दोन मिलिमीटरपेक्षा जास्त उतरू द्यायचे नाही. पातळ पिक स्वतः वाकतो, म्हणून घट्ट मूठही चालून जाते. जाड पिकला मूठ सैल सोडावीच लागते, आणि हाताला ही सवय लावणे हाच त्याचा मोठा फायदा.

जाडीनंतर येते कड, आणि आवाजाचा पोत ती ठरवते. तार सुटण्याच्या क्षणी पिकचा जितका भाग तिला टेकलेला असतो, त्याहून लहान लांबीच्या लहरी तारेत नीट उठत नाहीत. टोक अणकुचीदार असले तर सूक्ष्म उपस्वर भरपूर उठतात आणि आवाज लख्ख, काहीसा काचेसारखा येतो. टोक गोल असले तर वरचे उपस्वर दबतात आणि मूळ स्वर भरीव होतो. मँडोलिनच्या तारा आखूड आणि ताणलेल्या, त्यामुळे वाद्याचा स्वभावच तीक्ष्ण. त्यात तीक्ष्ण टोकाची भर कशाला? गिटारच्या नेहमीच्या थेंबाच्या आकाराच्या पिकला एक टोक आणि दोन गोल खांदे असतात. ब्लूग्रास वाजवणारे कितीतरी जण टोक वर करून खांद्यानेच वाजवतात. मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमन यांच्या ‘डॉग’ नावाने प्रसिद्ध असलेल्या पिकला तर टोकच नाही, सगळे कोपरे गोल. मोठा त्रिकोणी पिक घेतला की तिन्ही कोपरे वापरता येतात आणि झीज तीन ठिकाणी वाटली जाते.

जाड, ताठ पिक नेहमीच नव्हता. अठराव्या शतकात नेपल्सचे मँडोलिन पिसाच्या दांडीने वाजवत. तेव्हाच्या आतड्याच्या आणि पितळेच्या तारांवर ताण कमी होता, म्हणून मऊ पीस पुरत असे. एकोणिसाव्या शतकात वाद्यकारागीर पास्क्वाले विनाच्चिया यांच्या हातून नेपल्सच्या मँडोलिनवर पोलादी तारा आल्या, ताण वाढला, आणि पिसाची जागा कासवाच्या कवचाने घेतली. तार बदलली की पिक बदलतो, हाच क्रम पुढेही दिसतो.

कासवाच्या कवचावर थोडे थांबायला हवे, कारण याच विषयावर वाचकांची पत्रे आली आहेत. जुन्या वाद्याच्या पेटीत तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांचा पिक सापडला, तो खरा कवचाचा का, आणि वापरावा का, असा त्यांतला प्रश्न. हे कवच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचे. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ते ऑलिव्ह रिडले, या धंद्यातले कासव ते नव्हे. कवच म्हणजे केराटिन, आपली नखे आणि केस ज्याचे तेच. ते ताठ असते, घासून आरशासारखे गुळगुळीत होते आणि तारेवरून जवळजवळ आवाज न करता सुटते. म्हणूनच वादक त्यावर इतके लुब्ध होते आणि म्हणूनच ही जात संपत आली. १९७७ पासून हॉक्सबिल साइटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे, त्यामुळे खरेदी-विक्रीचा प्रश्नच उरत नाही. तसा कायदा नसता तरी एका पिकसाठी ते प्राणी मारावेत असे त्या आवाजात काही नाही.

पेटीत सापडलेला पिक बहुधा सेल्युलॉइडचा निघतो. न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी’अँड्रिया यांनी १९२२ मध्ये सेल्युलॉइडचे पिक कापायला सुरुवात केली, आणि कवचासारखे ठिपके मुद्दाम आणलेले असे पिक जगभर पसरले. ओळखण्याची रीत सोपी आहे. पिक कोमट पाण्यात मिनिटभर धरून अंगठ्याने जोरात चोळावा आणि लगेच नाकाशी न्यावा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासूनच बनते. तापल्या सुईची जुनी परीक्षा करू नये. केराटिन जळक्या केसांचा वास देते हे खरे, पण सेल्युलॉइड भडकन पेट घेते. कापराचा वास आला तर पिक निर्धास्त वापरावा. वाजायला तो छान असतो, फक्त कड लवकर झिजते.

कवचाची जागा घेण्यासाठी पुढे बरेच पदार्थ आले. नायलॉन मऊ पडते आणि आवाज बोथट करते. अल्टेक्स नावाचे प्लास्टिक कडक असते, त्याचा आवाज मोकळा आणि झळझळीत. दुधातल्या केसिनपासून केलेले पिक कवचाच्या बरेच जवळ जातात, पण ओलाव्याने बिघडतात, म्हणून मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्यांच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले ब्लूचिप पिक यंत्रांच्या बेअरिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिइमाइडचे असतात. ते झिजत नाहीत म्हटले तरी चालेल, आणि एकेकाची किंमत ३५ डॉलरच्या वर. पिक उत्तम यात शंका नाही, मात्र शिकणाऱ्याला त्याची गरज नाही. डनलॉपचे प्राइमटोन १.३ ते १.५ मिलिमीटरमध्ये मिळतात, कड घडवलेली असते, आणि पहिली काही वर्षे त्यांच्यावर आरामात निघतात.

पदार्थापेक्षा जास्त फरक पडतो तो कडेच्या घासणीने, आणि ती घरी करता येते. छापून कापलेल्या स्वस्त पिकच्या कडेवर बारीक काठ उठलेला असतो. नखाने चाचपला की तो लागतो, आणि तारेवर खरखर करतो तो हाच. सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून कड गोलाकार फिरवावी, मग ६००, १०००, २०००. शेवटी जीन्सच्या कापडावर जोराने घासावी. दहा-पंधरा मिनिटांत साध्या जांभळ्या टॉर्टेक्सचा आवाज निम्मा शांत होतो. सरोदवाले नारळाच्या करवंटीचा जवा असाच घासून-घासून घडवतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मँडोलिन वाजवणारे किशोर देसाई सरोदही वाजवत. दोन्ही वाद्यांत उजव्या हाताची शिस्त जवळची आहे : खाली येणारा आघात ‘दा’, वर जाणारा ‘रा’, आणि दोन्ही सारखे वजनदार.

टिकटिक एवढे करूनही राहिली, तर ती पिकची नसून जागेची असते. अमेरिकन घाटाच्या वाद्यांत फिंगरबोर्डचा शेवटचा भाग साउंडहोलच्या दिशेने पुढे आलेला असतो. खोल उतरलेले टोक तिथल्या पट्ट्यांवर आपटते. काही कारागीर तो भाग मुद्दाम खोलगट करून देतात. तसे करून घेतलेले नसेल तर हात ब्रिजकडे बोटभर सरकवावा.

घराणी पिकवरूनही ओळखू येतात. जर्मन वादक जाड, रबरासारखा मऊ पिक वापरून आवाज गोलसर ठेवतात, तर इटालियन परंपरेत लांबट, टोकदार पिक चालतो. रागसंगीत वाजवायचे तर स्वर टिकणे महत्त्वाचे. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी मँडोलिनवर रागदारी वाजवून दाखवली. त्या वाटेने जाणाऱ्याने गोल खांद्याचा, १.४ च्या आसपासचा पिक घ्यावा, कारण टोकदार पिकचा आघात मींडेच्या सुरुवातीलाच स्वराला ओरखडा काढतो. इलेक्ट्रिक मँडोलिनचे गणित निराळे. कर्नाटक संगीत वाजवणारे मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या वाद्याला पाच एकेरी तारा होत्या. जोडी हलवायची नसली आणि आवाज अँप्लिफायर वाढवणार असला, की ०.९ ते १.० मिलिमीटरचा पिकही पुरतो.

डावखुऱ्यांनी एक गोष्ट पाहून घ्यावी. तिरपी कड घडवलेले पिक उजव्या हातासाठी केलेले असतात, डाव्या हाताचे वेगळे मागवावे लागतात. दोन्ही बाजूंनी सारखी गोल केलेली कड असेल तर हा प्रश्न येत नाही.