तार तुटली की तोडली?

माझ्या हातून सोनोमीटरची तार तुटली तेव्हा मी बारावीत होतो. ताण वाढविला की तारेच्या कंपनांची वारंवारता कशी वाढते, हे पाहण्याचा तो प्रयोग. आकड्याला अडीच किलोची वजने लटकत होती. सांगितल्याप्रमाणे मी आणखी अर्धा किलो अडकविला आणि खुंटीपाशी, जिथे तार गंजली होती नेमकी तिथेच, ती तुटली.

प्रयोगशाळेत मोडतोडीची एक वही असे. काय घडले ते तिच्यात इंग्रजीत लिहायचे आणि खाली सही करायची. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमाचा. इंग्रजी वाक्याला कर्ता हवाच, आणि कर्ता म्हणजे काम करणारा, एवढे व्याकरण पक्के होते. काम करणारा तिथे मी एकटाच होतो. म्हणून लिहिले, 'आय ब्रोक द वायर'. वाक्य अगदी शुद्ध होते. वर्षअखेर अनामत रक्कम परत घ्यायला गेलो, तर तिच्यातून तारेचे पैसे कापलेले. जवळजवळ माझ्या महिन्याच्या एस.टी. पासाइतके. मी कुरकुर केली, तेव्हा कारकुनाने वही पुढे सरकविली. "तूच लिहिलेस ना, तार तोडली म्हणून?"

मला म्हणायचे होते 'तार तुटली'. लिहिले मात्र 'मी तार तोडली'. पदार्थविज्ञानाच्या माणसाने व्याकरणावर का लिहावे, असे तुम्हांला वाटले असेल, तर त्याचे कारण ही तार आहे.

सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे तुम्ही शाळेत शिकला आहात. इंग्रजीत त्यांनाच ट्रान्झिटिव्ह आणि इनट्रान्झिटिव्ह म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'पार जाणे'. कर्त्याची क्रिया पलीकडे जाऊन ज्याच्यावर पोचते ते कर्म, म्हणजे डायरेक्ट ऑब्जेक्ट. 'तोडली' म्हटले की काय तोडली हा प्रश्न उरतो. 'तुटली' म्हटले की उरत नाही, क्रिया तारेपाशीच संपते.

आता मराठीची एक सोय पाहा. तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे, जळणे आणि जाळणे, गळणे आणि गाळणे, तापणे आणि तापविणे, फिरणे आणि फिरविणे. प्रत्येक जोडीत पहिले क्रियापद अकर्मक, दुसरे सकर्मक. शब्द कानावर पडताच आपल्याला कळते की वस्तू आपोआप बदलली की कोणी बदलविली. शिवाय भूतकाळात मराठी आणखी एक खूण देते. 'मी धावलो' यात क्रियापद माझ्यामागे चालते. पण मी तार तोडली, मी दोर तोडला, मी कुलूप तोडले! तोडणारा मी एकच, आणि क्रियापद मात्र प्रत्येक वेळी तोडलेल्या वस्तूचे लिंग घेते. व्याकरणाचे पुस्तक न उघडताही चार वर्षांचे मूल हे बिनचूक बोलते. (अपवाद आहेतच. 'मी धडा शिकलो', 'मी नाव विसरलो' यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जाते.)

इंग्रजीत ही सोय बहुतेक ठिकाणी नाही. 'ब्रेक' म्हणजे तुटणे आणि 'ब्रेक' म्हणजेच तोडणे. 'द सन मेल्ट्स द वॅक्स', सूर्य मेण वितळवितो. 'द वॅक्स मेल्ट्स', मेण वितळते. मेणाचे जे व्हायचे ते दोन्ही वाक्यांत सारखेच होते. पहिल्यात मेण कर्म आहे, दुसऱ्यात तेच उठून कर्त्याच्या जागी बसले आहे. बॉइल, बर्न, टर्न, कूल, एक्सपांड ही सगळी याच जातीची. क्रियापदाच्या तोंडाकडे पाहून काही समजत नाही. त्याच्यापुढे कर्म आहे का, हे पाहावे लागते.

मी वही लिहिताना हेच मला ठाऊक नव्हते. निर्जीव तार कर्त्याच्या जागी बसू शकते, 'द वायर ब्रोक' हे पूर्ण वाक्य आहे, आणि त्यात तोडणाऱ्या माणसाची मुळीच गरज नाही!

गंमत अशी की इंग्रजी नेहमीच अशी नव्हती. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत वितळण्याला एक आणि वितळविण्याला दुसरे, जळण्याला एक आणि जाळण्याला दुसरे अशी आपल्यासारखीच वेगवेगळी क्रियापदे होती. पुढे उच्चार घासले आणि जोड्या एकमेकींत मिसळून गेल्या. काही मात्र टिकल्या. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसविणे. लाय म्हणजे आडवे असणे, ले म्हणजे आडवे ठेवणे. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे. आजही झाड कापून पाडण्याला 'फेल' हेच क्रियापद वापरतात. ड्रिंक म्हणजे पिणे. त्याच्या जोडीचे ड्रेंच मुळात 'पाजणे' होते, आता त्याचा अर्थ चिंब भिजविणे. त्यात घोटाळा असा की पडण्याचा भूतकाळही 'फेल' आणि आडवे असण्याचा भूतकाळही 'ले'. इथे खुद्द इंग्रजांची मुलेही चुकतात, तेव्हा आपण चुकलो तर फार वाईट वाटून घेऊ नये.

आमच्या प्रयोगवह्यांत सगळ्यांत जास्त त्रास देणारी जोडी राइज आणि रेझ ही. प्रयोगाची कृती इंग्रजीत बहुधा कर्मणी प्रयोगात, पॅसिव्हमध्ये लिहितात. पॅसिव्ह करताना कर्म उचलून कर्त्याच्या जागी आणतात. कर्मच नसेल तर आणणार काय? म्हणून 'द टेंपरेचर वॉज रिझन' किंवा 'द करंट वॉज फ्लोड' ही वाक्ये होऊच शकत नाहीत. 'द टेंपरेचर रोज' म्हणजे तापमान वाढले. 'द टेंपरेचर वॉज रेझ्ड' म्हणजे तापमान वाढविले गेले. या दोन वाक्यांत नुसता व्याकरणाचा फरक नाही. दुसऱ्या वाक्यातला विद्यार्थी मुद्दाम बर्नर मोठा करतो. पहिल्यातल्याच्या पात्रात बाहेरून उष्णता न देताही, एखाद्या रासायनिक क्रियेमुळे, तापमान चढले असेल. वही वाचून तोच प्रयोग पुन्हा करू पाहणाऱ्याने काय करावे, हे या एका क्रियापदावर ठरते.

कर्म ओळखण्यासाठी 'काय?' असा प्रश्न विचारा, असे शिकवितात. तो जपून विचारावा. 'काय तुटले?' याचे उत्तरही 'तार' असेच येते, आणि तिथे तार कर्ता आहे! म्हणून कर्ता जागेवर ठेवून विचारावे : मी काय तोडले? दुसरी कसोटी पॅसिव्हची. 'द स्टोन वेज टू किलोग्रॅम्स', दगडाचे वजन दोन किलो आहे. क्रियापदानंतर दोन किलो आले, म्हणून ते कर्म वाटते. पॅसिव्ह करून पाहा. 'दगडाकडून दोन किलो वजन केले जाते', असला अर्थ निघतो. म्हणजे ते कर्म नव्हे, ते नुसते माप. उलट 'द ग्रोसर वेज द शुगर' यात साखर हे खरे कर्म, कारण वाण्याकडून साखर वजन केली जाऊ शकते. एकच 'वे', एकदा वजन असणे, एकदा वजन करणे. ही कसोटीही सगळीकडे चालत नाही. 'अ बॉडी हॅज मास' यात मास हे कर्म मानतात, पण त्याचा पॅसिव्ह होत नाही. आमच्या ओहमच्या नियमालाही मर्यादा आहेतच, तशातलाच हा प्रकार.

शाळेतल्या व्याख्येबद्दलही एक तक्रार आहे. 'द रे एंटर्स द प्रिझम', किरण लोलकात शिरतो. इंग्रजीच्या दृष्टीने लोलक हे कर्म आहे, मध्ये 'इन' लागत नाही. आता किरणाची कोणती क्रिया लोलकावर पोचली? शिरणे मराठीत अकर्मक, एंटर इंग्रजीत सकर्मक, आणि प्रकाश दोन्ही भाषांत तसाच वाकतो. पोचणे आणि रीच यांचेही असेच. 'रीचेस टु द ग्राउंड' लिहू नये, 'रीचेस द ग्राउंड' पुरते. भेटणे आणि मीट तसेच. उलट बाजूने, आपण गाणे ऐकतो तेव्हा गाणे कर्म असते, पण इंग्रजीत 'लिसन'नंतर 'टु' घालावे लागते. तेव्हा सकर्मकपणा हा त्या त्या भाषेतल्या क्रियापदाचा स्वभाव आहे. तो घटनेत शोधू नये, कोशात शोधावा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवीत होते. परभाषकाला शब्दाचा अर्थ कळला तरी त्यापुढे काय लावायचे ते कळत नाही, ही अडचण ध्यानात घेऊन त्यांनी सहकाऱ्यांसह एक कोश केला. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. आज ऑक्सफर्डचा जो विद्यार्थी कोश तुमच्या शाळेच्या कपाटात असेल, त्याचे मूळ ते. त्यात क्रियापदापाशी असलेली बारीक खूण वाचायची सवय लावून घ्या.

आता माझ्या लेखाच्या पहिल्या वाक्याकडे परत या. 'माझ्या हातून तार तुटली.' यात मी आहे, पण तोडणारा नाही. क्रियापद अकर्मक आणि माणूस नुसता 'हातून'. 'तोडली' आणि 'तुटली' यांच्या मधली ही जागा इंग्रजीत एका शब्दाने सापडत नाही. तिथे दोन वाक्ये जोडावी लागतात : 'आय ॲडेड अ वेट अँड द वायर ब्रोक'. मी वजन वाढविले, हे सकर्मक, आणि ते खरेच मी केले होते. तार तुटली, हे अकर्मक.

माझ्या प्रयोगशाळेतही आता तशीच एक वही आहे. तिच्यात कसे लिहायचे, हे मी वर्षाच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहून दाखवितो. एकदा एका विद्यार्थिनीने लिहिले, 'द बीकर ब्रोक'. वाक्य माझ्याच फळ्यावरचे. मी विचारले, "आपोआप?" ती गप्प राहिली. मग वही ओढून घेऊन तिने ते वाक्य खोडले आणि वर लिहिले, 'आय ड्रॉप्ड द बीकर अँड इट ब्रोक'.

"सर, पैसे आज भरू की वर्षअखेर?"