शुगर निघाली म्हणून फळं बंद?

आज घरचीच गोष्ट सांगतो. माझे वडील चिंचवडला राहतात. तीस वर्षं कंपनीत तीन शिफ्टमध्ये काम करून रिटायर झाले. शुगर निघाली त्या दिवसापासून त्यांनी फळं बंद केली. चहाबरोबरची चार बिस्किटं मात्र चालूच! पेरू पुढे केला की म्हणायचे, "नको रे, गोड असतो."

आता बघा, फळातली साखर चोथ्यात आणि पाण्यात अडकलेली असते. चावायला वेळ लागतो, पोट भरतं, साखर रक्तात हळूहळू उतरते. बिस्किटात मैदा आणि वरून घातलेली साखर. ती लगेच चढते. ज्यूसचंही तेच. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात, चोथा गाळणीत राहतो आणि साखर तेवढी पोटात जाते. एवढी मोसंबी सोलून एका बैठकीत खाऊ का आपण?

चीनमध्ये सुमारे पाच लाख लोकांची सात वर्षं पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. मधुमेह असलेल्यांपैकी जे आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस ताजी फळं खात, त्यांच्यात मृत्यूचा धोका क्वचितच फळं खाणाऱ्यांपेक्षा १७ टक्के कमी दिसला. हे सगळं फळांमुळेच झालं, असं अशा पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण फळांना घाबरायचं कारण नाही, एवढं नक्की कळतं.

मग किती खायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. म्हणजे साधारण एक पेरू. महागडं किवी कशाला? पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट आणि चोथाही भरपूर. पहिली शिफ्ट असेल तर रात्रीच धुऊन डब्यात टाका. बीपी असेल तर वर मीठ नको.

शुगर असलेल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. फळ बिस्किटाच्या जागी खायचं, बिस्किटाच्या जोडीला नाही. आणि आंबा, चिकू, केळं यांची फोड लहान ठेवायची. किडनीचा त्रास असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

आमच्याकडे आता चार वाजता चहाच्या आधी अर्धा पेरू असतो. बिस्किटाचा डबा? तो नातवंडं आली की उघडतो. आणि हो, त्यांनाही आजोबा आधी पेरूची फोडच देतात! भेटूया पुढच्या भागात.